बॉक्स स्कोअर वाचताना पडणारे प्रश्न: पहाटे एनबीए बघणाऱ्या इंदूरकरांसाठी

थंडीच्या दिवसांत न्यूयॉर्कला संध्याकाळचे साडेसात वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे सहा झालेले असतात. म्हणजे एनबीएचा, अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, सामना संपतो तो बरोबर पोह्यांच्या वेळेला. आमच्या गटात मग बॉक्स स्कोअरचा, म्हणजे सामन्याच्या आकड्यांच्या तक्त्याचा, फोटो पडतो आणि त्याखाली प्रश्नांची रांग लागते. विचारणाऱ्यांत कॉलेजातली मुलं आहेत, रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्सला लेकरांना सोडून बाहेर थांबणारे आईवडील आहेत, आणि होळकर संघाच्या रणजीच्या गोष्टी ऐकत वाढलेले, क्रिकेटचं कार्ड झोपेतही वाचतील असे दोन-तीन काकाही आहेत. शाळा-कॉलेजच्या सामन्यांत मी बरीच वर्षं टेबलावर बसून शीट भरली, म्हणून प्रश्न माझ्याकडे ढकलले जातात. तेच ते उत्तर पुन्हा पुन्हा टाइप करण्यापेक्षा सगळं एकत्र लिहून टाकलं आहे. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध आहे तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बॉक्स स्कोअर म्हणजे क्रिकेटच्या स्कोअरकार्डासारखंच ना?

बरंचसं. प्रत्येक खेळाडूची एक ओळ, प्रत्येक गोष्टीचा एक रकाना, तळाला संघाची बेरीज. सर्वांत वरचे पाच जण सुरुवातीला उतरलेले, त्यांच्या खालचे बेंचवरून आलेले. पण क्रिकेटच्या कार्डावरून डाव कसा घडत गेला याचा थोडा अंदाज येतो, कोणती विकेट किती धावांवर पडली ते कळतं. इथे क्रम अजिबात नसतो. एखाद्याने २० पॉइंट काढले ते सामना हातात असताना की निकाल लागून गेल्यावर, हे बॉक्स स्कोअर सांगत नाही. त्यासाठी प्ले-बाय-प्ले नावाचं वेगळं पान असतं.

२. रकान्यांवरची ती आखूड अक्षरं कशी लावायची?

मिन म्हणजे मिनिटं. एफजी म्हणजे फील्ड गोल, खेळ चालू असताना टाकलेले सगळे शॉट. थ्रीपी म्हणजे त्यातले तीनच्या रेषेबाहेरचे. एफटी फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दल मिळणारा एका पॉइंटचा मोकळा शॉट. ओरेब आणि डीरेब हे आक्रमणातले आणि बचावातले रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या शॉटाचा बॉल पकडणं. एएसटी असिस्ट म्हणजे बास्केटसाठी दिलेला पास, एसटीएल स्टील म्हणजे समोरच्याचा बॉल काढून घेणं, बीएलके ब्लॉक म्हणजे शॉट हाताने अडवणं, टीओ टर्नओव्हर म्हणजे शॉट न घेताच बॉल घालवणं, पीएफ पर्सनल फाउल. शेवटी पीटीएस. अधिक-उणे चिन्ह असलेला एक रकाना असतो, त्याच्यावर प्रश्न ११ मध्ये वेगळं लिहिलं आहे, कारण सगळ्यात जास्त भांडणं तिथेच होतात.

३. एफजीखाली २८-४६ लिहिलंय. याचा अर्थ काय?

४६ शॉट घेतले, २८ पडले. पहिला आकडा पडलेल्यांचा, दुसरा घेतलेल्यांचा. हे उदाहरण मुद्दाम घेतलं आहे: २२ जानेवारी २००६ ला लेकर्स संघाच्या कोबी ब्रायंटने टोरंटो रॅप्टर्सविरुद्ध ८१ पॉइंट काढले, त्या दिवशीची ही ओळ. थ्रीपी ७-१३, एफटी १८-२०.

बेरीज पडताळायची तर पडलेल्या प्रत्येक फील्ड गोलचे दोन धरा, पडलेल्या प्रत्येक थ्रीचा एक जादा आणि प्रत्येक फ्री थ्रोचा एक. २८ दुणे ५६, अधिक ७, अधिक १८. झाले ८१. कोणताही बॉक्स स्कोअर हातात आला की हे गणित एका खेळाडूवर करून बघा. रकाने मनात पक्के बसायला याहून सोपा उपाय मला माहीत नाही.

४. म्हणजे थ्री दोन ठिकाणी मोजले जातात?

हो. थ्री हा फील्ड गोलच असल्यामुळे तो एफजीतही येतो आणि थ्रीपीतही. कोबीच्या त्या २८ मध्ये ते ७ आहेतच, २८ अधिक ७ असे ३५ शॉट पडले असं नाही. दर दोन आठवड्यांनी कोणीतरी ही बेरीज करून "भिया, स्कोअर चुकलाय" असा मेसेज टाकतंच.

५. शॉट घेताना फाउल झाला तर तो शॉट मोजतात का?

पडला तर मोजतात, नाही पडला तर मोजत नाहीत. फाउल होऊनही बॉल आत गेला की फील्ड गोल लिहितात आणि वर एक फ्री थ्रो मिळतो. बाहेर गेला तर घेतलेल्या शॉटमध्ये त्याची नोंद होत नाही, फक्त फ्री थ्रो लिहितात. म्हणूनच कधीकधी २-३ असा किरकोळ एफजी असलेल्या खेळाडूच्या नावापुढे १५ पॉइंट दिसतात. तो दिवसभर मार खात रेषेवर उभा होता.

६. ज्याचे पॉइंट जास्त तोच सगळ्यात भारी खेळला, असं म्हणायला काय हरकत आहे?

हरकत अशी की पॉइंट हे अर्धंच वाक्य आहे. ते काढायला किती शॉट खर्च झाले, हे त्याचं उरलेलं अर्धं.

साठ पॉइंटचे दोन डाव शेजारी ठेवा. १३ एप्रिल २०१६ ला कोबीने निवृत्तीच्या सामन्यात युटा जॅझविरुद्ध ६० काढले: एफजी २२-५०, थ्रीपी ६-२१, एफटी १०-१२. त्याच वर्षी ५ डिसेंबरला क्ले थॉम्पसनने इंडियाना पेसर्सविरुद्ध ६० काढले: २१-३३, ८-१४, १०-११. तेही २९ मिनिटांत. एकाला पन्नास शॉट लागले, दुसऱ्याला तेहेतीस. आमच्या एका काकांनी याला फार सुरेख शब्द वापरला: "स्ट्राइक रेट बघा हो."

बास्केटबॉलचा स्ट्राइक रेट दोन तऱ्हांनी काढतात. इफेक्टिव्ह फील्ड गोलमध्ये प्रत्येक थ्रीला दीड शॉटाची किंमत देतात: पडलेले एफजी, अधिक पडलेल्या थ्रींचे निम्मे, भागिले घेतलेले एफजी. ट्रू शूटिंगमध्ये फ्री थ्रोही येतात. पॉइंटांना भागायचं ते घेतलेले शॉट अधिक ०.४४ गुणिले घेतलेले फ्री थ्रो, या बेरजेच्या दुपटीने. हिशेब केला तर निवृत्तीच्या सामन्यातल्या कोबीचं ट्रू शूटिंग ५४.३ टक्के येतं, थॉम्पसनचं ७९.३. ८१ पॉइंटवाल्या कोबीचं ७३.९. विल्ट चेंबरलेनने २ मार्च १९६२ ला शंभर काढले तेव्हाची ओळ ३६-६३ आणि फ्री थ्रो २८-३२ अशी आहे, त्याचं ६४.९ येतं.

तरीही निवृत्तीच्या सामन्यातले ते ६० कमी प्रतीचे, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. शेवटच्या क्वार्टरमध्ये मागे पडलेल्या लेकर्सना त्याने १०१-९६ असं जिंकवून दिलं. ते टक्केवारीत दिसत नाही, आणि क्रम नसलेल्या बॉक्स स्कोअरमध्येही दिसत नाही (प्रश्न १).

७. हे ०.४४ कुठून काढलं? फ्री थ्रो जोडीनेच मिळतात ना, मग ०.५ हवं.

सगळेच जोडीने मिळत नाहीत. बास्केट पडून फाउल झाला की एकच मिळतो. टेक्निकल फाउलचा, म्हणजे वागणुकीबद्दलच्या फाउलचा, एक असतो. थ्री घेताना फाउल झाला की तीन. या सगळ्यांची सरासरी काढली की एक फ्री थ्रो साधारण ०.४४ चालीइतका पडतो (चाल म्हणजे बॉल एका संघाच्या ताब्यात आल्यापासून समोरच्याकडे जाईपर्यंतचा खेळ). तो निसर्गाचा नियम नाही, नोंदींवरून बसवलेला आकडा आहे.

८. "टीम रिबाउंड" हा कोण खेळाडू आहे?

हा प्रश्न खरंच आला होता, आणि मला फार आवडला.

क्रिकेटमध्ये अवांतर धावा असतात ना, कोणाच्याच बॅटच्या नसलेल्या, तसंच हे. शॉट चुकला आणि बॉल कोणाच्या हाती न लागता रेषेबाहेर गेला, तर ज्या संघाला बॉल मिळाला त्याच्या नावे रिबाउंड लिहितात. प्रत्येक चुकलेल्या शॉटाचा हिशेब कुठेतरी लागलाच पाहिजे, हे त्यामागचं तत्त्व आहे. एनबीएच्या बॉक्स स्कोअरमध्ये टीम रिबाउंड वेगळे दाखवतात, खेळाडूंच्या बेरजेत धरत नाहीत. टर्नओव्हरचंही तसंच. २४ सेकंदांत शॉटच घेतला नाही तर ती चूक पाचांची, म्हणून संघाच्या खात्यावर.

ओरेब आणि डीरेब वेगळे का, असंही विचारतात. आपणच चुकवलेला बॉल परत मिळवला तर त्याच चालीत आणखी एक संधी मिळते, म्हणून त्याची किंमत वेगळी. ती किती मोठी असू शकते, ते प्रश्न १३ मध्ये.

९. असिस्ट नक्की कशाला म्हणतात? पास दिला की झालं?

पासमुळे थेट बास्केट पडायला हवी. "थेट" कशाला म्हणायचं, ते टेबलावरचा माणूस ठरवतो, आणि संपूर्ण बॉक्स स्कोअरमधला सगळ्यात लवचीक रकाना हाच. पास घेऊन खेळाडू लगेच उडाला तर कोणाचंच दुमत नसतं. त्याने एक ड्रिबल घेतला, खांद्याने हूल दिली, मग शॉट टाकला, तर? मी स्वतः टेबलावर असताना याच प्रसंगाला सकाळी असिस्ट दिला आहे आणि संध्याकाळी नाकारला आहे, हे आता कबूल करायला हरकत नाही.

एक फरक लक्षात ठेवा. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांत पास मिळालेल्या खेळाडूवर शॉट घेताना फाउल झाला आणि त्याचा निदान एक फ्री थ्रो पडला, तरी पास देणाऱ्याला असिस्ट मिळतो. एनबीएत मिळत नाही. म्हणून दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका. एका सामन्यातला एनबीएचा विक्रम ३० असिस्टचा आहे, स्कॉट स्काइल्सचा, ३० डिसेंबर १९९० ला ऑरलँडोकडून डेन्व्हरविरुद्ध.

१०. जुन्या खेळाडूंच्या नावापुढे स्टील आणि ब्लॉक रिकामे का? त्या काळी ब्लॉक करत नव्हते?

करत होते, लिहीत नव्हते. एनबीएत स्टील आणि ब्लॉकची अधिकृत नोंद १९७३-७४ च्या हंगामापासून आहे, ओरेब-डीरेबची फोडही तेव्हापासूनच. खेळाडूवार टर्नओव्हर १९७७-७८ पासून. तीन पॉइंटची रेषा १९७९-८० ला आली. चेंबरलेनच्या शंभरात एकही थ्री नाही, कारण थ्री नावाची गोष्टच नव्हती. बिल रसेलची तर संपूर्ण कारकीर्द ब्लॉकच्या रकान्याच्या आधी उरकली.

नोंद सुरू झाली त्याच वर्षी, २८ ऑक्टोबर १९७३ ला, एल्मोर स्मिथने एका सामन्यात १७ ब्लॉक केले. तो विक्रम अजून मोडलेला नाही. निदान लिहिलेल्यांत तरी.

ताळा पाहण्याची एक युक्ती: एका संघाचे स्टील हे समोरच्याच्या टर्नओव्हरपेक्षा कधीच जास्त असू शकत नाहीत, कारण प्रत्येक स्टीलमागे समोरच्या कोणीतरी बॉल घालवलेला असतो. उलटं मात्र चालतं. बॉल पायाला लागून बाहेर गेला तर टर्नओव्हर आहे, स्टील कोणाचाच नाही. आक्रमण करणाऱ्याने धडक दिली तर त्याच्या ओळीत एक फाउलही येतो आणि एक टर्नओव्हरही.

११. त्याने २ पॉइंट काढले आणि प्लस-मायनस +१८? हा आकडा खोटा आहे का?

खोटा नाही, त्याला विचारलेला प्रश्न वेगळा आहे. तो खेळाडू मैदानावर असताना त्याच्या संघाने समोरच्यापेक्षा किती पॉइंट जास्त काढले, एवढंच तो सांगतो. ते कोणी काढले याच्याशी त्याला कर्तव्य नाही. बचाव करणारा, वाट अडवून दुसऱ्याला शॉट मोकळा करून देणारा, बाकी रकान्यांत न दिसणारा खेळाडू इथे दिसू शकतो.

पण एका सामन्यावरून निवाडा देऊ नका. बरोबरचे चौघे जबरदस्त असतील तर पाचवा नुसता उभा राहूनही अठराने पुढे जातो. समोरच्याने थकलेली दुसरी फळी उतरवली की आकडे फुगतात. माझं मत विचाराल तर एका सामन्याचा प्लस-मायनस मी शेवटी बघतो आणि पुष्कळदा विसरून जातो. तीस-चाळीस सामन्यांचा असेल तर गंभीरपणे घेतो.

ताळा असा: संघातल्या सगळ्यांच्या प्लस-मायनसची बेरीज विजयाच्या फरकाच्या पाचपट यायला हवी. दहाने जिंकले तर +५०.

१२. सामना ४८ मिनिटांचा. मग एखाद्याची सरासरी ४८.५ मिनिटं कशी?

ओव्हरटाइम, म्हणजे बरोबरी झाल्यावरचा जादा वेळ. चेंबरलेनची १९६१-६२ च्या हंगामातली सरासरी खरोखर तेवढी आहे: ८० सामने, ३,८८२ मिनिटं. तो जवळजवळ कधी बाहेर बसलाच नाही आणि काही सामने लांबले. त्याच हंगामात त्याची सरासरी ५०.४ पॉइंटची होती.

मिनिटांचाही ताळा असतो. पाच खेळाडू गुणिले ४८ म्हणजे संघाची मिनिटं २४०. प्रत्येक ओव्हरटाइम पाच मिनिटांचा, म्हणून त्यात २५ वाढवायची. बेरीज २६५ दिसली की समजा, एक ओव्हरटाइम झाला.

१३. ज्यांची शूटिंगची टक्केवारी कमी, तेच जिंकले. असं कसं?

या पानावरचा माझा सर्वांत लाडका प्रश्न. याचं उत्तर १७ जून २०१० च्या बॉक्स स्कोअरमध्ये आहे: लेकर्स विरुद्ध सेल्टिक्स, फायनल्सचा, म्हणजे अंतिम मालिकेचा, सातवा आणि शेवटचा सामना, लेकर्स ८३-७९ ने विजयी.

लेकर्सची शूटिंग २७-८३ होती. तिनातला एक शॉटही धड पडत नव्हता, ३२.५ टक्के. सेल्टिक्सची २९-७१, म्हणजे ४०.८ टक्के. थ्रीसुद्धा सेल्टिक्सचे जास्त, ६ विरुद्ध ४. नुसत्या फील्ड गोलवर बघितलं तर सेल्टिक्स ६४-५८ असे पुढे आहेत.

आता शेजारचे रकाने बघा. लेकर्सनी १२ शॉट जास्त घेतले. ते आले कुठून? ओरेबमधून: लेकर्सचे २३, सेल्टिक्सचे ८. चुकवायचं, उचलायचं, पुन्हा टाकायचं. आणि फ्री थ्रो: लेकर्स २५-३७, सेल्टिक्स १५-१७. सहाची पिछाडी रेषेवरून दहाने भरून निघाली आणि वर चार उरले.

त्या रात्री कोबीचं एफजी ६-२४ होतं. सहा थ्री घेतले, एकही पडला नाही. एवढंच वाचलं तर वाटेल याने सामना घालवला. पण त्याच ओळीत पुढे १५ रिबाउंड आहेत आणि ११ फ्री थ्रो. फायनल्सचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला.

संघाचा तक्ता वाचताना म्हणून चार गोष्टी जोडीने बघतात: शूटिंग, टर्नओव्हर, ओरेब आणि फ्री थ्रो. डीन ऑलिव्हर या संख्याशास्त्रज्ञाने ही चौकडी रूढ केली. पॉइंटाचा रकाना या चौकडीत नाही, तो या चारांतून निघतो.

१४. एक संघ १३० काढतो, दुसरा ९५. पहिल्याचं आक्रमण चांगलं असंच ना?

चाली किती झाल्या ते आधी विचारा. चालींचा अंदाज असा काढतात: घेतलेले शॉट, उणे ओरेब, अधिक टर्नओव्हर, अधिक ०.४४ गुणिले फ्री थ्रो. मग शंभर चालींत किती पॉइंट, हे बघायचं. धावा नका मोजू, किती षटकांत झाल्या ते मोजा.

वेग किती बदलू शकतो याची दोन टोकं आहेत. २२ नोव्हेंबर १९५० ला फोर्ट वेन पिस्टन्सनी मिनिआपोलिस लेकर्सना १९-१८ ने हरवलं. छापण्यात चूक नाही, एकोणीस-अठराच. आघाडी घेऊन बॉल दाबून बसायला तेव्हा काही बंदी नव्हती. १९५४ मध्ये २४ सेकंदांचं घड्याळ आलं ते अशाच रटाळ खेळावर उपाय म्हणून. दुसरं टोक १३ डिसेंबर १९८३ चं: डेट्रॉइट १८६, डेन्व्हर १८४, तीन ओव्हरटाइम.

१५. ट्रिपल-डबल म्हणजे काय, आणि त्याचं एवढं कौतुक का?

पॉइंट, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक यांपैकी तीन रकान्यांत दोन आकडी संख्या. बहुतेक वेळा पहिले तीनच असतात, पण पॉइंट असायलाच हवेत असं नाही: ड्रेमंड ग्रीनने १० फेब्रुवारी २०१७ ला फक्त ४ पॉइंट काढून ट्रिपल-डबल केला, १० असिस्ट, १० स्टील आणि दोन आकडी रिबाउंड.

चार रकाने भरले तर क्वाड्रपल-डबल. तो अधिकृत नोंदीत फक्त चौघांचा आहे: नेट थर्मंड १९७४, अल्विन रॉबर्टसन १९८६, हकीम ओलाजुवान १९९०, डेव्हिड रॉबिन्सन १९९४. तिघांचा चौथा रकाना ब्लॉकचा, एकट्या रॉबर्टसनचा स्टीलचा.

कौतुकाबद्दल म्हणाल तर, नऊ आणि दहा यांत खेळाचा फरक काहीच नाही, जसा ९९ आणि १०० मध्ये नाही. पण आपण शतकावर टाळ्या वाजवणारी माणसं, आपण काय बोलणार.

१६. रात्री दहा रिबाउंड होते, दुसऱ्या दिवशी नऊ. आकडा कोणी खाल्ला?

लीगने. सामन्यानंतर नोंदी पुन्हा तपासल्या जातात आणि दुरुस्त होतात. ५ मार्च २०२३ ला यानिस अँटेटोकून्पोने वॉशिंग्टनविरुद्ध शेवटच्या क्षणी बॉल स्वतःच बास्केटकडे टाकून स्वतःच पकडला, दहावा रिबाउंड आणि त्याबरोबर ट्रिपल-डबल लिहिला गेला. लीगने तपासून तो रिबाउंड काढून टाकला, कारण तो शॉटच नव्हता.

याहून मजेदार प्रकार १६ मार्च २००३ चा. क्लीव्हलँडच्या रिकी डेव्हिसला एक रिबाउंड कमी पडत होता. सामना खिशात होता. त्याने सरळ आपल्याच बास्केटवर शॉट मारला आणि बॉल पकडला. चिडलेल्या युटाच्या खेळाडूने त्याला धरून फाउल केला. स्वतःच्या बास्केटवर मारलेला बॉल हा शॉट धरत नाहीत, त्यामुळे रिबाउंड मिळालाच नाही. वर संघाने दंड केला.

१७. मग चुकून स्वतःच्या बास्केटमध्ये बॉल गेला तर पॉइंट कोणाला?

संघ म्हणून समोरच्यांना. कोणाच्या ओळीत लिहायचे, ते नियमावलीवर आहे. फिबात त्या वेळी मैदानावर असलेल्या समोरच्या कर्णधाराच्या नावे दोन पॉइंट. एनबीएत बॉल आत घालवणाऱ्याच्या सगळ्यात जवळ असलेल्या विरोधी खेळाडूच्या नावे.

शाळांच्या एका सामन्यात मी हे पॉइंट गोंधळून बॉल टाकणाऱ्या मुलाच्याच ओळीत लिहिले होते. शेवटी दोन्ही संघांची बेरीज फलकाशी जुळेना, आणि दोन पॉइंट शोधायला अर्धा तास गेला. ते पोर मात्र खूश होतं.

१८. सगळे ताळे करूनही खेळाडूंची बेरीज आणि संघाची बेरीज जुळत नाही. का?

टीम रिबाउंड आणि टीम टर्नओव्हर हे नेहमीचं कारण, प्रश्न ८ बघा. २०२५-२६ पासून एनबीएत एक नवं कारण आलं आहे: पहिल्या तीन क्वार्टरच्या शेवटच्या तीन सेकंदांत, आपल्या अर्ध्यातून सुरू झालेल्या चालीवर, ३६ फूट किंवा त्याहून लांबून मारलेला शॉट चुकला तर तो संघाच्या खात्यावर जातो, खेळाडूच्या नाही. टक्केवारी बिघडेल म्हणून खेळाडू घड्याळ संपेपर्यंत बॉल हातात धरून ठेवायचे. आकड्याच्या भीतीने शॉट न मारणं, याला काय म्हणावं!

१९. बास्केटबॉल कॉम्प्लेक्सवरच्या सामन्याची शीट आणि एनबीएचा बॉक्स स्कोअर वेगळे का दिसतात?

आपल्याकडे सामने फिबाच्या नियमांनी होतात. १० मिनिटांचे चार क्वार्टर, एकूण ४०. एनबीएत १२ चे चार. आपल्याकडे पाचव्या फाउलला खेळाडू बाहेर, तिकडे सहाव्याला. आपल्याकडे टेक्निकल फाउल त्या पाचांत धरतात, तिकडे तो वेगळा मोजतात. थ्रीची रेषा फिबात ६.७५ मीटरवर, एनबीएत समोरून ७.२४. म्हणून आपल्या पोराचे १८ पॉइंट आणि तिकडचे १८ यांत मिनिटांचाच एक पंचमांशाचा फरक आहे, हे घरी सांगायला विसरू नका. असिस्टचा फरक प्रश्न ९ मध्ये आलाच आहे.

२०. २०१९ ला मुंबईत झालेले एनबीएचे सामने खेळाडूंच्या आकड्यांत धरतात का?

नाही. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ ला वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स खेळले. दोन्ही पेसर्सनी जिंकले, पहिला ओव्हरटाइममध्ये १३२-१३१, दुसरा १३०-१०६. पण ते हंगामपूर्व सामने, त्यांचे आकडे कारकिर्दीत मिळवत नाहीत. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे, म्हणून आमच्या गटाने त्या दिवशी किंग्जची बाजू घेतली होती. एका पॉइंटने हरलो.

असेच बाजूला ठेवलेले आणखी दोन प्रकार आहेत. प्लेऑफच्या, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीच्या, शेवटच्या जागांसाठी होणाऱ्या प्ले-इन सामन्यांचे आकडे ना हंगामात धरतात ना प्लेऑफमध्ये. आणि हंगामाच्या मध्येच होणाऱ्या एनबीए कप स्पर्धेचा अंतिम सामना ८२ सामन्यांच्या बाहेरचा असल्याने त्याचेही आकडे हंगामात जात नाहीत. कपचे आधीचे सामने मात्र जातात.

२१. नावापुढे सगळं रिकामं आणि "डीएनपी" लिहिलंय?

खेळवला नाही. पुढे "कोचचा निर्णय" असेल तर तो धडधाकट होता, पण बसवून ठेवला. दुखापत असेल तर तसं लिहितात. सरासरी काढताना हा सामना त्याच्या खात्यात धरत नाहीत. शून्य मिनिटं आणि शून्य सामना यांत फरक आहे: तीस सेकंदांसाठी उतरला तरी सामना मोजला जातो आणि सरासरी खाली येते.

२२. मुलीच्या सामन्याचा बॉक्स स्कोअर घरच्या घरी लिहायचा आहे. कुठून सुरुवात करू?

सगळे रकाने एकदम घेऊ नका. पहिल्या दोन-तीन सामन्यांत फक्त शॉट लिहा: पडला की गोल, चुकला की फुली, थ्री असेल तर शेजारी तीन. फ्री थ्रोची ओळ वेगळी. ते जमलं की ओरेब, डीरेब आणि टर्नओव्हर. असिस्ट सर्वांत शेवटी, कारण तिथे आई म्हणून तुमचा हात सैल सुटणार.

नावं लिहू नका, जर्सीचे नंबर लिहा. शक्य असेल तर दोघं बसा, एकाने बघून बोलायचं, दुसऱ्याने मान खाली घालून लिहायचं. एकट्याने लिहिताना वही बघितली की नेमका रिबाउंड निसटतो. समोरच्या संघाच्या निदान बेरजा तरी ठेवा, त्याशिवाय प्रश्न १३ मधलं काहीच करता येणार नाही. प्रत्येक क्वार्टर संपला की पॉइंट टेबलावरच्या आकड्याशी जुळवून घ्या. चूक दहा मिनिटांतली असेल तर सापडते, चाळीस मिनिटांतली सापडत नाही. आणि लिहायला पेन नको, पेन्सिल न्या. दोन न्या.